लहान तोंडी मोठा घास

२०२४ च्या भाऊबीजेची गोष्ट. फराळाची ताटे पुढे आली होती, चकली यंदा मऊ पडली की नाही यावर घरात दोन तट पडले होते, आणि अशा वेळी आमच्या घरातल्या सर्वांत वडील माणसाने सर्वांत लहान पाहुणीवर तोफ डागली. पाहुणी म्हणजे माझी पुतणी. अमेरिकेत एका विद्यापीठात संशोधन करते. चार दिवस रजा काढून आली होती. तोफ डागणारे आमचे अण्णा, माझे चुलत बंधू. चाळीस वर्षे डॉक्टरकी केलेले, हाताला गुण असलेले, आणि घरातल्या प्रत्येकाची नाडी कधी ना कधी ज्यांनी पाहिली आहे असे.

"तुझा विषय तरी काय म्हणायचा?" अण्णांनी विचारले.

"जैवनीतिशास्त्र, अण्णाकाका. त्यातही वंश आणि आरोग्यातली विषमता."

"म्हणजे तू डॉक्टर नाहीस."

"नाही."

"आणि डॉक्टरांचे कुठे चुकते ते तू सांगणार!" अण्णा हसले. "अगं, विज्ञानाला कातडी नसते. लहान तोंडी मोठा घास घेऊ नये. आधी पदवी पदरात पाडून घे, मग जगाचा न्याय कर."

पोर गप्प बसली. मीही गप्प बसलो, आणि त्याची मला आजही लाज वाटते. हा लेख म्हणजे त्या दिवशी माझ्या तोंडून न निघालेले उत्तर आहे. अण्णा हा अंक दरवर्षी पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचतात. तेव्हा ते त्यांच्यापर्यंत पोहोचेलच.

विज्ञानाला कातडी नसेल, अण्णा; पण यंत्राला कातडीतूनच पाहावे लागते. २०२१ च्या उन्हाळ्यात आपल्या घरोघरी एक यंत्र आले होते, आठवते? कपडे वाळत घालायच्या चिमट्याएवढे. बोटाला लावायचे, आणि लाल आकडा उमटेपर्यंत सगळ्या घराने श्वास रोखून धरायचा. चौऱ्याण्णवच्या वर आकडा असला तर घरी, खाली गेला तर रुग्णालयाची खाट शोधायला बाहेर. शाळेत गणितात नापास झालेल्या माणसांनाही त्या दिवसांत ९३ आणि ९५ यांतला फरक कळत होता. ऑक्सिमीटर हे त्याचे नाव. टाकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७० च्या दशकात त्याचे तत्त्व शोधून काढले. दोन प्रकारचा प्रकाश बोटातून आरपार सोडायचा, एक तांबडा आणि एक डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. प्राणवायूने भरलेले रक्त आणि रिते रक्त हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषून घेते. त्या प्रमाणावरून हिशेब मांडायचा. फार सुंदर कल्पना. लाखो माणसे तिने वाचवली, यात शंका नाही.

परंतु हा हिशेब यंत्राला आपोआप येत नाही. तो शिकवावा लागतो. निरोगी माणसांना प्रयोगशाळेत बसवून त्यांच्या श्वासातला प्राणवायू कमी कमी करत नेतात, त्याच वेळी त्यांच्या धमनीतले रक्त काढून तपासतात, आणि यंत्राला सांगतात, की अमुक प्रकाश म्हणजे अमुक आकडा. आता विचारण्याजोगा प्रश्न एवढाच, की ही माणसे कोण होती? कातडीतले काळे रंगद्रव्यही प्रकाश शोषते, हे काही गुपित नव्हते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली जे मार्गदर्शन केले, त्यात किमान दहा माणसांवर चाचणी घ्यावी आणि त्यांत निदान दोन, किंवा पंधरा टक्के, काळसर कातडीची असावीत असे म्हटले होते. दहांत दोन! आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत मीठ कसे झाले ते पाहायलासुद्धा याहून जास्त जिभा लागतात.

आणि चूक कोणालाच ठाऊक नव्हती असेही नाही. गडद त्वचेत हे यंत्र फसते, असे १९९० साली लिहिले गेले होते, २००५ साली पुन्हा लिहिले गेले होते. विद्वानांच्या नियतकालिकांत ते छापून आले, बांधणी होऊन कपाटात गेले, आणि दवाखान्यातला आकडा होता तसाच लुकलुकत राहिला. त्या कपाटाचे दार कोणी उघडले? ॲमी मोरान-थॉमस नावाच्या एका मानवशास्त्रज्ञ बाईने. ती डॉक्टर नव्हती, अण्णा. २०२० साली नवऱ्याच्या आजारपणात घरी हे यंत्र आणले, आणि ते माणसाच्या कातडीतून कसे पाहते असा तिला प्रश्न पडला. तिने जुने निबंध उकरून काढले आणि त्या ऑगस्टमध्ये एका वैचारिक नियतकालिकात लेख लिहिला. तो वाचून मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी आपल्याच रुग्णांच्या नोंदी काढल्या. यंत्र ज्यांच्याबाबत ९२ ते ९६ असे समाधानकारक आकडे दाखवत होते, त्यांच्या धमनीतले रक्त प्रत्यक्ष तपासले असता प्राणवायू ८८ च्याही खाली गेलेले किती निघाले? गोऱ्या रुग्णांत शंभरी ३.६, काळ्या रुग्णांत ११.७. जवळजवळ तिप्पट. डिसेंबर २०२० मध्ये हे प्रसिद्ध झाले. पुढे इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या रुग्णालयांतल्या नोंदी पाहिल्या, तर आशियाई रुग्णांतही यंत्र गोऱ्यांपेक्षा जास्त फुगवून सांगत होते असे दिसले. आशियाई म्हणजे कोण, हे त्या देशात राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांना विचारा.

यावर अण्णांचे उत्तर मला ठाऊक आहे. "दोनचार अंकांची चूक. शहाणा डॉक्टर आकड्याकडे नाही, रोग्याकडे पाहतो." मान्य. पण २०२१ च्या एप्रिलमध्ये खाटेसाठी रांगा होत्या तेव्हा दारावर शहाणा डॉक्टर उभा नव्हता. आकडा उभा होता. जिथे एका अंकावर माणसाला आत घ्यायचे की परत पाठवायचे हे ठरते, तिथे दोनचार अंकांची चूक ही लहान चूक नव्हे. आणि ती चूक सर्वांना सारखी झाली असती, तर तिला नशीब म्हणता आले असते. ती ज्याची कातडी काळी त्याच्याच वाट्याला अधिक येते, तेव्हा तिला नशीब म्हणवत नाही.

ही झाली नकळत झालेली चूक. आता जाणूनबुजून, पुस्तकात लिहून, सूत्रात बसवून केलेली चूक पाहू.

मूत्रपिंडे किती काम करतात हे रक्तातल्या क्रिएटिनिनवरून सूत्राने काढतात. १९९९ साली अमेरिकेत जे सूत्र तयार झाले, आणि २००९ साली जे सुधारले, त्यांत वय होते, स्त्री की पुरुष हे होते, आणि आणखी एक गोष्ट होती: रोगी काळा असेल तर आलेल्या उत्तराला गुणा. सुधारलेल्या सूत्रातला गुणक १.१५९. कारण असे दिले गेले की काळ्या माणसाचे स्नायू सरासरीने भरदार असतात. आता दोन माणसे घ्या, त्याच वयाची, रक्तात तेच क्रिएटिनिन. गोऱ्याचे उत्तर आले १८. काळ्याचे तेच १८ गुणिले १.१५९, म्हणजे जवळजवळ २१. दिसायला किरकोळ. पण नवे मूत्रपिंड मिळावे म्हणून प्रतीक्षायादीतली वर्षे अमेरिकेत मोजू लागतात ती २० च्या आकड्यापासून. म्हणजे गोरा माणूस आज रांगेत उभा राहिला. काळ्याला सांगितले, तू अजून पुरेसा आजारी नाहीस, घरी जा.

आकडे कोणी खोटे लिहिले होते असे मी म्हणत नाही. त्या अभ्यासातल्या काळ्या रुग्णांत तसे आढळले होते. पण "काळा" हे त्यांनी कशाने मोजले? रक्ताने नाही, स्नायू तोलून नाही. रोग्याने सांगितले म्हणून, नाहीतर खिडकीवरच्या कारकुनाने चेहरा पाहून चौकटीत खूण केली म्हणून. आई गोरी आणि बाप काळा असेल तर गुणायचे की अर्धेच गुणायचे, हे सूत्रात लिहिलेले नव्हते. सबंध आफ्रिका खंडातल्या माणसांत परस्परांत जेवढे जनुकीय वैविध्य आहे तेवढे उरलेल्या जगात नाही, हे शास्त्रच सांगते. आणि तेच शास्त्र त्या सगळ्यांना एका दशांश चिन्हामागे उभे करते! दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्या रुग्णांवर तो अमेरिकन गुणक लावून पाहिला, तर उत्तर सुधारण्याऐवजी बिघडले. स्नायूंची शंका होती तर स्नायू मोजायचे होते. कातडी कशाला मोजली?

हा प्रश्न वर्षानुवर्षे वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यांनी विचारला. फळ्यावर सूत्र लिहिणाऱ्या प्राध्यापकाला एखादी काळी विद्यार्थिनी उभी राहून विचारते, "सर, माझ्या वडिलांच्या बाबतीतसुद्धा गुणायचे का?" तेव्हा तिच्या तोंडचा घास मोठा असतो खरा. बॉस्टनमधल्या एका रुग्णालयाने २०१७ साली तो गुणक काढून टाकला, वॉशिंग्टन विद्यापीठाने २०२० साली काढला. दोन्हीकडे विद्यार्थ्यांचा रेटा होता. २०२० च्याच उन्हाळ्यात दर्शाली व्यास ही तरुण डॉक्टर, शिक्षण अजून चालू असलेली, आणि तिचे दोन सहकारी यांनी अशा सूत्रांची यादीच मांडली. हृदय, मूत्रपिंड, बाळंतपण, फुप्फुसे. जिकडे तिकडे वंशाची चौकट. आधी शस्त्रक्रियेने बाळंत झालेल्या बाईला पुढचे बाळंतपण नैसर्गिक होण्याची शक्यता किती, हे सांगणाऱ्या सूत्रातही ती होती; काळ्या बाईची शक्यता सूत्रच कमी करून ठेवी, म्हणजे तिच्या पोटावर पुन्हा सुरी फिरण्याचा संभव तेवढा वाढला. २०२१ साली त्या सूत्रातून वंश गेला, मूत्रपिंडाच्या सूत्रातूनही त्याच वर्षी गेला. आणि २०२३ पासून प्रतीक्षायादीतल्या काळ्या रुग्णांची बुडालेली वर्षे त्यांना परत देण्याचे काम सुरू झाले. मार्च २०२४ पर्यंत चौदा हजारांहून अधिक माणसांची प्रतीक्षा सरासरी दोन वर्षांनी पुढे सरकली. चौदा हजार माणसे, अण्णा! तुमच्या चाळीस वर्षांच्या पुण्याईइतकीच ही पुण्याई मोठी आहे, आणि ती ज्यांच्या प्रश्नातून सुरू झाली त्यांतल्या कित्येकांच्या नावामागे तेव्हा डॉक्टर ही अक्षरेही लागलेली नव्हती.

गुणक काढला की सगळे प्रश्न संपले असे मात्र नाही. मूत्रपिंडाचा आकडा खाली आला की काही औषधांची मात्राही खाली येते, आणि कर्करोगाच्या रोग्याला कमी औषध मिळणे हेही धोक्याचेच. म्हणूनच सिस्टॅटिन-सी नावाची, स्नायूंवर कमी अवलंबणारी तपासणी अधिक वापरा, असे त्या समितीने बरोबरच सुचवले. पण चांगले माप शोधायचे कष्ट तेव्हाच सुरू होतात जेव्हा वाईट माप कोणीतरी हातातून काढून घेतो.

"हे सगळे अमेरिकेचे," असे म्हणून अण्णा करंजी उचलतील. तर मग जरा जवळ येऊ.

फुप्फुसांत किती हवा मावते हे मोजण्याचे यंत्र लंडनच्या जॉन हचिन्सनने १८४० च्या दशकात तयार केले. त्याने हजारो माणसे मोजली. ते यंत्र अटलांटिक ओलांडून सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरच्या हाती पडले. हा गृहस्थ गुलामगिरीचा कैवारी. गुलाम पळून जातो हा एक रोग आहे असे त्याने १८५१ साली लिहिले आणि त्या रोगाला ग्रीक नावही दिले. काळ्यांची फुप्फुसे गोऱ्यांपेक्षा पाचव्या हिश्शाने लहान, आणि शेतातले सक्तीचे काम हाच त्यांच्या रक्ताला प्राणवायू पुरवण्याचा उपाय, हेही त्याचेच निदान! कार्टराइट मेला, गुलामगिरी गेली; पण "काळ्यांची फुप्फुसे जात्याच लहान" ही समजूत यंत्राच्या आत जाऊन बसली. आपल्या काळातल्या यंत्रांत काळ्यासाठी दहा ते पंधरा टक्के आणि आशियाई माणसासाठी चारसहा टक्के वजा करण्याची सोय असे. २०१२ साली जगभराची मापे म्हणून जी कोष्टके निघाली, त्यांत भारतीय उपखंडाला स्वतंत्र रकानाच नव्हता. एकशे चाळीस कोटींच्या आसपासचा हा देश "इतर" या सदरात.

आता यातली खरी मेख पाहा. आपल्या माणसांची फुप्फुसे मोजली तर सरासरीने लहान भरतात, हे खरेच आहे. पण का भरतात? जन्मतः वजन कमी, लहानपणी पोटाला कमी, घरात चुलीचा धूर, बाहेर कारखान्याचा. एखादी बाई तीस वर्षे ओल्या लाकडांवर भाकऱ्या थापते, तिची फुप्फुसे आखडतात. डॉक्टर यंत्रात "वंश" भरतो, यंत्र वजाबाकी करून सांगते, हिच्या वंशाच्या मानाने ठीक आहे. बाई घरी जाते. चूल निर्दोष सुटते, कारखाना निर्दोष सुटतो, रेशनचे दुकान निर्दोष सुटते. आरोपी एकच, तिचा जन्म. वंशाच्या गुणकावर माझा राग आहे तो यासाठी. तो अन्यायाला निसर्गाचे नाव देतो आणि मग कोणाला काही करावेच लागत नाही. अमेरिकेतल्या वक्षरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२३ साली ही वंशाची वजाबाकी सोडा असे सांगितले, हे चांगले झाले. आपल्या दवाखान्यांतल्या यंत्रांत कोणते कोष्टक भरले आहे, हे आपण कधी विचारले आहे काय?

आणि कातडीच मोजायची, तर तीही आपली मोजून झाली आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी आणि युद्धकाळात, रावळपिंडीला, ब्रिटिश लष्करी शास्त्रज्ञांनी आपल्या फौजेतल्या शेकडो हिंदी सैनिकांवर मस्टर्ड वायूचे प्रयोग केले. हिंदी कातडीला हा वायू गोऱ्या कातडीपेक्षा जास्त भाजतो की कमी, एवढे त्यांना पाहायचे होते. चड्डी आणि सुती सदरा घातलेले जवान वायूच्या खोलीत पाठवले जात. ही कागदपत्रे २००७ साली वर्तमानपत्रांतून बाहेर आली. विज्ञानाला कातडी नसते हे वाक्य त्या जवानांपुढे म्हणून पाहावे.

आता "आधी पदवी, मग प्रश्न" या उपदेशाकडे वळतो, कारण अण्णांचे मला सर्वांत बोचलेले वाक्य तेच आहे. अमेरिकेत अलाबामा प्रांतात टस्कीगी येथे १९३२ पासून सरकारी आरोग्य खात्याने सुमारे सहाशे काळ्या शेतमजुरांचा अभ्यास चालवला. त्यांतल्या ३९९ जणांना उपदंश होता. औषध द्यायचे नाही, रोग कसा वाढतो ते पाहायचे, हाच तो अभ्यास. पेनिसिलिन आले, १९४७ च्या सुमारास सर्वमान्य झाले, तरी दिले नाही. हे चोरून नव्हते. वैद्यकीय नियतकालिकांत निबंध येत होते, पदवीधर ते वाचत होते. आक्षेप घेऊन जो अखेरपर्यंत पाठीस लागला तो कोण? पीटर बक्स्टन, त्या खात्यातला तिशीच्या आतला एक कनिष्ठ नोकर, डॉक्टर नसलेला. १९६६ साली त्याने वरिष्ठांना लिहिले; त्याला बोलावून घेऊन दटावले. १९६८ साली पुन्हा लिहिले. मोठ्या विद्वानांची समिती बसली आणि अभ्यास चालू ठेवावा असे तिने ठरवले. शेवटी १९७२ साली त्याने वृत्तपत्राचे दार ठोठावले तेव्हा चाळीस वर्षे चाललेले ते पाप थांबले. आज संशोधनात रोग्याची संमती हवी, नीतिसमिती हवी, असे जे नियम अमेरिकेत कायद्याने आले, त्यांमागे त्या लहान तोंडाचा घास आहे.

आणि परक्याचे उदाहरण नको असेल तर आपल्या इरावतीबाई कर्वे घ्या. त्यांची पुस्तके अण्णांच्या कपाटात आहेत, पण ही हकीकत बहुधा नसेल. १९२० च्या दशकाच्या अखेरीस बाई बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली प्रबंध लिहायला गेल्या. फिशर म्हणजे वंशशास्त्रातले बडे प्रस्थ. पुढे नाझींना ज्यांच्या शास्त्राचा आधार वाटला ते. गोऱ्या युरोपियनांच्या कवटीची उजवी-डावी बाजू असमान असते, आणि ती त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीची खूण, असा गुरूंचा कयास. शिष्येने १४९ कवट्या घेतल्या आणि मोजल्या. परका देश, परकी भाषा, पंचविशीही न ओलांडलेली मुलगी, आणि पदवी त्याच गुरूच्या हाती! तिने लिहिले, की असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही. गुरूंनी तिला गुण दिले ते अगदी खालचे. बाईंनी पुढे इकडे येऊनही मोजपट्टी सोडली नाही, महाराष्ट्रातल्या जातिजमातींची डोकी मोजली, आणि त्यावर आज भांडायला जागा आहे; पण बर्लिनमध्ये त्यांनी "आधी पदवी" म्हटले असते तर कवट्यांनीही गुरूंचीच री ओढली असती.

अमेरिकेत २०२५ च्या आरंभापासून जे झाले ते ताजे आहे. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने वंश आणि विषमता या विषयांवरची शेकडो अनुदाने मध्येच तोडली. नवख्या संशोधकांच्या शिष्यवृत्त्याही त्यांत गेल्या. जूनमध्ये बॉस्टनच्या न्यायाधीशाने ते बेकायदा ठरवले आणि यात वंशभेद आहे असे भर न्यायालयात सुनावले. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सरकारला तूर्त मोकळीक दिली. बड्या प्राध्यापकांची नोकरी अशाने जात नाही. जाते ती ज्याचा प्रबंध अर्धा झाला आहे त्याची. माझ्या पुतणीला चार ओळींचे पत्र आले. तिचे काम आता संस्थेच्या उद्दिष्टांत बसत नाही, असे त्यात होते. म्हणजे अण्णा भाऊबीजेला हसत हसत जे म्हणाले, तेच एका सरकारने शिक्का मारून म्हटले. ती सध्या दिवसा मुलांना शिकवते आणि रात्री प्रबंध लिहिते.

परवा तिचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली, "काका, अण्णाकाकांनी आपल्याला दिलेला तो ऑक्सिमीटर अजून आहे का? त्याच्या खोक्यावर बघा ना, तो कोणाच्या बोटांवर तपासून पाहिला होता ते लिहिले आहे का." मी माळ्यावरून खोके काढले, चष्मा लावून सहाही बाजू वाचल्या. वर्षभराची हमी आहे, बॅटरी कशी घालावी याचे चित्र आहे, नखांना रंग लावू नये ही सूचना आहे. बोटांबद्दल काही नाही. चित्रातले बोट गोरे आहे. खोके मी फराळाच्या डब्याबरोबर अण्णांकडे पाठवून दिले आहे.